खरं माणिक, दिसायला खोटं

धक्का अगदी किरकोळ होता. तोक्योत असल्या धक्क्याला कोणी खुर्चीवरून उठतसुद्धा नाही. बसल्या जागी छताच्या दिव्याकडे बघायचं, दिवा थांबला की आपणही पुन्हा कामाला लागायचं, एवढाच रिवाज. मी तर मानही वर केली नाही. माझे दोन्ही डोळे मायक्रोस्कोपला चिकटलेले होते आणि चिमट्यात कोणाचा तरी श्रीलंकेचा नीलम होता. चांगल्या नीलमाच्या पोटात रेशीम असतं. आमच्या धंद्यात त्याला रेशीमच म्हणतात. दगड जमिनीखाली सावकाश, कोणाचीही घाई नसताना, थंड होत जातो तेव्हा त्याच्या आत सुयांसारखे तंतू धरतात, केसाहून बारीक, एकमेकांना ठरल्या कोनात छेदून जाणारे. माणूस पृथ्वीवर यायच्या आधीपासून स्वस्थ पडलेलं ते रेशीम त्या क्षणी हललं. म्हणजे हललं टेबल; पण भिंगाला डोळा लावून बसलेल्याला जग हललं की दगड हलला यातला फरक कळत नाही. एकूणच पारखी लोकांची गोची तीच असावी. मग सगळं थांबलं, आणि मी दाखल्यासाठी मनात नोंद केली: नैसर्गिक.

"तीन," आमचे प्रमुख कुरोसूसान मोबाइलकडे बघत म्हणाले. भूकंपाची तीव्रता ते बेसबॉलचा स्कोअर सांगावा तशी सांगतात. "तीन म्हणजे चहासुद्धा सांडत नाही. उगम कोफूच्या बाजूला. मिनेगिशीसान, तुमच्या सासरी हललं हो!"

"सासर अजून व्हायचंय," मी म्हटलं.

"मग नुकसानभरपाई मागू नका," ते म्हणाले आणि आपल्या पाचूकडे वळले.

मी अमेमियांना निरोप पाठवला: हललं का? अमेमिया योइची हा माणूस निरोपाला निरोप म्हणून उत्तर देत नाही, निबंध लिहितो. कोफूत पाऊस पडला का एवढं विचारलं तर आधी डोंगर, मग ढग, मग त्यांच्या शेजाऱ्याची द्राक्षं, आणि शेवटी, पडला. त्या दिवशी उत्तर आलं: हललं. ठीक आहे. मी ती दोन वाक्यं पुन्हा वाचली. फार स्वच्छ होती. फार स्वच्छ काही दिसलं की माझा हात आपोआप भिंगाकडे जातो. पण निरोपाला भिंग लावता येत नाही आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर लग्न ठरलेल्या बाईने होणाऱ्या नवऱ्याचे शब्द मोजू नयेत, असं स्वतःला बजावून मी फोन पालथा ठेवला.

नैसर्गिक दगडाला आमच्याकडे तेन्नेन म्हणतात. दाखल्यावर तोच शब्द छापतात, आणि तो एक शब्द वाचायला लोक जपानच्या कुठल्याकुठल्या टोकाहून ओकाचिमाचीला, तोक्योतल्या जवाहिऱ्यांच्या वस्तीत, आमच्या रत्नतपासणीच्या चौथ्या मजल्यावर येतात. गंमत अशी की तोच शब्द माणसाला लावला की अर्थ पार पालटतो. तेन्नेन माणूस म्हणजे मुळातला भाबडा. बावळटपणाचं कुठलंही शिक्षण न घेता त्यात पारंगत झालेला. चष्मा डोळ्यांवर ठेवून घरभर चष्मा शोधणारा, आणि सापडल्यावर चष्म्यालाच वाकून नमस्कार करणारा. दगड तेन्नेन निघाला तर मालक आनंदतो, जावई तेन्नेन निघाला तर सासू उसासा टाकते. अमेमिया या दुसऱ्या अर्थाने अव्वल प्रतीचे होते: मूळचे, आणि कसलीही प्रक्रिया न केलेले. पहिल्या अर्थाशी मात्र त्यांचं हाडवैर. ते कोफूच्या एका कारखान्यात माणकं करतात. करतात म्हणजे अक्षरशः करतात. प्लॅटिनमच्या मुशीत मसाला भरायचा, भट्टीत ठेवायचा, आणि महिनोन्महिने, बाळंतिणीच्या खोलीबाहेर बसावं तसं, भट्टीबाहेर बसून राहायचं. आत हळूहळू माणिक धरतं. काचेचा तुकडा नव्हे, चक्क माणिक. घटक तेच, काठिण्य तेच, आणि रंग तर असा की मूळच्या माणकाने लाजावं. फक्त त्याला आईबापांऐवजी अमेमिया असतात.

माझ्या नाकाला या प्रश्नाचा वास फार लहानपणी लागला. आमचं गाव किर्यू, विणकरांचं. रेशमावर वाढलेलं आणि पुढे नकली रेशमाने जगवलेलं. पण गावात कोणाला तसं म्हणून बघा. आई मागावर बसायची. कापड तिला डोळ्यांनी कळत नसे, अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये कळे. आणि त्यातूनही शंका राहिली तर ती एक धागा उपसून गॅसवर धरायची. रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो. नकली रेशीम जळतं तेव्हा कागद जळल्याचा येतो. मी तिच्या कोपराशी उभी असे आणि आई विचारी, "काय?" मी म्हणे, "केस." किंवा, "कागद." बरोबर आलं की ती काही बोलत नसे, चूक आलं तर टपली मारे. एका नववर्षाला वडिलांनी तिला ओबी आणला. किमोनोवर बांधायचा पट्टा, राखाडी, त्यावर बगळे. "अस्सल रेशीम आहे," वडील म्हणाले, आणि त्यांचे कान लाल झाले. दुपारी ते झोपल्यावर आईने ओबीच्या आतल्या कडेचा एक धागा काढला आणि गॅसवर धरला. मी तिथेच होते. तिने या वेळी विचारलं नाही, काय. आणि मी सांगितलं नाही. पुढे तो ओबी तिने प्रत्येक लग्नाला बांधला, वडिलांचा अंत्यविधी सोडून प्रत्येक ठिकाणी बांधला, आणि दर वेळी गाठ मारताना तिचा खालचा ओठ एका बाजूला किंचित ओढला जाई. बघणाऱ्याला वाटे गाठ घट्ट बसवतेय. घरात त्या ओबीबद्दल एक शब्द कोणी बोललं नाही. लोक याला सुखी संसार म्हणत, आणि खरं सांगायचं तर तो होताही. फक्त मला कागद जळल्याचा वास आला की अजून बगळे दिसतात.

अमेमिया आमच्या मजल्यावर पहिल्यांदा आले ते कारखान्याचे नमुने घेऊन. त्यांनी केलेले दगड बाजारात खरे म्हणून खपू नयेत, ते कसे ओळखायचे हे आम्हाला आधी दाखवून ठेवावं, असं कारखान्याचं धोरण. चोराने पोलिसांची शिकवणी घ्यावी तसला प्रकार. कुरोसूसाननी त्यांना चहासुद्धा जरा जपूनच दिला. माझ्यासमोर बसून त्यांनी एक माणिक चिमट्यात धरलं, मायक्रोस्कोपखाली सरकवलं आणि अगदी हौसेने, नव्या घरातल्या खोल्या दाखवाव्यात तसं दाखवायला लागले. "हे बघा, इथे चुकलोय. मुशीचं कातडं निघालं आणि आत अडकलं. तो त्रिकोणी चकाकणारा तुकडा दिसतोय ना, ते प्लॅटिनम. आणि हा धुरासारखा पडदा? इथे मी तापमान उतरवायची घाई केली. त्या आठवड्यात माझी दाढ दुखत होती." मी डोळा भिंगाला लावून हसले, हे त्यांना दिसलं नाही. माझ्यासमोर येणारा प्रत्येक माणूस काही ना काही झाकत असतो; दुकानदार तडा झाकतो, वारसदार बिल झाकतो, नवरे तर काय काय झाकतात ते मी दाखल्यावर लिहू शकत नाही. आपली चूक कुठे आहे ते बोट ठेवून सांगणारा, वर त्या आठवड्यात दाढ दुखत होती हेही सांगणारा माणूस मी त्या खुर्चीत पहिल्यांदाच बघत होते. मी त्यांना पुढच्या वेळी नमुने आणायला कधी येणार ते विचारलं. ते म्हणाले, "नमुने संपलेत." जरा वेळाने म्हणाले, "पण करता येतील."

त्यामुळे कोफूला, भोपळा घातलेल्या जाड शेवयांच्या वाफाळत्या भांड्यापलीकडून त्यांनी जेव्हा विचारलं की अंगठीत कुठला दगड आवडेल, तेव्हा मला विचार करावा लागला नाही. त्यांना मात्र फार विचार पडला होता. मोची, म्हणजे तांदळाची मऊ मिठाई, विकणाऱ्या बाईला मोचीच भेट द्यायची तर कुठली द्यायची? तशातली गत. त्यांनी यादीच म्हणायला घेतली: बर्मी माणिक, काश्मिरी नीलम, आणि आणखी काय काय, आवाज उतरत उतरत गेला. "तुमच्या मुशीतलं माणिक," मी म्हटलं. त्यांच्या चॉपस्टिकवरचा भोपळा परत भांड्यात पडला. "पण ते तेन्नेन नाही," ते म्हणाले.

"तुम्ही आहात ना," मी म्हटलं. "एका अंगठीला एक तेन्नेन पुरे."

त्यांना विनोद कळायला वेळ लागला. कळल्यावर ते कानापर्यंत लाल झाले, आणि मग इतक्या गंभीरपणे, जणू करारावर शिक्का मारतोय, म्हणाले, "मालकांना विचारून एक मूस फक्त आपल्यासाठी लावतो." आपल्यासाठी. त्या शब्दाला मी त्या क्षणी भिंग लावलं नाही, आणि आजही लावणार नाही.

मी हे जाहीर केलं तेव्हा ओकाचिमाचीत जी करमणूक झाली तिला तोड नव्हती. आमच्या गल्ल्यांत माणसं एकमेकांच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी बोटांकडे. "आयुष्यभर चोर पकडले आणि शेवटी चोराच्याच घरी पडलात," कुरोसूसान म्हणाले. "त्यातून चोरीचाच माल अंगावर घालणार. मिनेगिशीसान, गिऱ्हाईक काय म्हणेल?" मी म्हटलं, गिऱ्हाइकाला सांगा, बाईंना दोन्ही कळतात म्हणून निवडता येतं, ज्याला फरक कळत नाही त्याला दाखला लागतो. हे त्यांना आवडलं नाही, म्हणजे पटलं. आईचं तसं नव्हतं. तिला मी फोन केला. "कायो," ती म्हणाली, "नवरा उशिरा मिळतोय तर मिळतोय. दगड तरी खरा घे."

"आई, हाही खराच असतो. केलेला असतो एवढंच."

"सगळंच केलेलं असतं गं. कोण करतं हा प्रश्न असतो."

"तेच तर म्हणतेय मी," मी म्हटलं. मग दोघीही गप्प झालो. आम्हा दोघींच्या गप्प बसण्यात बगळे असतात.

मला शंका नव्हती. हे मुद्दाम सांगते, कारण असल्या कथांत बाईला शंका असावी अशी वाचणाऱ्याची अपेक्षा असते. माझ्या टेबलावरून इतके तेन्नेन दगड गेले की त्यांच्याबद्दलची माझी भक्ती केव्हाच झिजली. दगड जमिनीखाली आपोआप झाला यात दगडाचं कर्तृत्व काय? तो तिथे होता, तापला, निवला, सापडला. वर त्याला आपण पृथ्वीची भेट म्हणतो. पृथ्वीने कोणाला काही भेट दिल्याचं माझ्या पाहण्यात नाही, लोकांनी खणून काढलं एवढंच. मुशीतल्या माणकाबाहेर मात्र एक माणूस जागा असतो. त्याची दाढ दुखते, आणि ते दगडात उमटतं. मी अंगठीत जे मागितलं होतं ते माणिक नव्हतंच. ते दाढदुखीचं एखादं चिन्ह होतं. हे मी कोणाला सांगितलं नाही, कारण कुरोसूसाननी त्याची म्हण करून टाकली असती.

धक्क्यानंतरचे आठवडे असे गेले की बघता बघता दोन्ही घरांच्या भेटीचं जेवण जवळ आलं. किर्यूहून आई येणार, कोफूहून त्यांचे थोरले भाऊ येणार, आणि त्या जेवणात अंगठी माझ्या बोटात पडणार, असं ठरलेलं. अमेमियांचे निरोप पुन्हा लांबले होते. डोंगर होते, ढग होते, शेजाऱ्याच्या द्राक्षवेलींची छाटणी होती. भट्टी नव्हती. मी विचारलं की ते लिहीत, चालू आहे. मला वाटलं, भट्टीबद्दल बोललं की दृष्ट लागते असं त्यांच्यात असेल. एका दुपारी सोबा शेवयांच्या दुकानाबाहेर रांगेत किताझुमे भेटले. किताझुमेंचं रेल्वेपुलाखाली माणकांचं दुकान आहे आणि त्याहून मोठा कारभार बातम्यांचा. "मिनेगिशीसान, परवा एक नमुना आला होता," ते डोळे पुसत म्हणाले. इतके हसत होते. "गावाकडचा. म्हणाला, अस्सल माणिक द्या. मी काढली सगळी. चांगली, रेशीमवाली, बघता क्षणी ओळख पटावी अशी. तर म्हणे, ही नकोत, ही फारच खरी दिसतात. मी म्हटलं, मग? तर म्हणे," इथे त्यांना भिंतीला हात टेकावा लागला, "खरं द्या, पण दिसायला खोटं!" रांगेतले सगळे हसले. मीही हसले. मी तर जरा जास्तच हसले, कारण माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस उभा राहिला आणि मला त्याच्याबद्दल माया वाटली. "मग दिलंत?" मी विचारलं. "दिलं की. पेटीच्या तळाशी एक होतं, इतकं निर्मळ की मलाच त्याचा संशय यायचा, म्हणून वर्षानुवर्षं पडून होतं. माणूस असा खूष होऊन गेला, जसं काही मी त्याला नकली फुकट दिलं." काखेत कळसा असला म्हणजे गावाला वळसा घालायलाही मजा येते. मी सोबा खाऊन कामाला गेले.

शनिवारी दुपारी आमच्या मजल्यावर कोणी नसतं. अमेमिया जेवणाच्या आदल्या शनिवारी आले. नव्या सुटात, त्यावर दुकानाची चिठ्ठी अजून बाहीला शिवलेली. खिशातून डबी काढून त्यांनी ती दोन्ही हातांनी माझ्यापुढे ठेवली. "झालं," ते म्हणाले. "आपलं." मी डबी उघडली. माणिक सुंदर होतं. कोंदणात संध्याकाळी बसायचं होतं. नुसतं, कापसावर, पैलू पाडलेलं, पिकल्या चेरीच्या आतल्या रंगाचं. माझ्या छातीत काहीतरी हललं, तीव्रता तीन किंवा चार. आणि माझा हात चिमट्याकडे गेला.

"अहो," अमेमिया दचकून म्हणाले, "ते कशाला?"

"बघते की. कुठे चुकलात ते."

"आपल्या स्वतःच्या अंगठीला कोणी तपासतं का, कायोसान?"

"मी टोफूसुद्धा उजेडात धरून बघते," मी म्हटलं, आणि दिवा लावला.

मी प्लॅटिनम शोधत होते. मला त्रिकोणी चकाकी हवी होती, धुराचा पडदा हवा होता. कोणत्या आठवड्यात काय दुखलं ते मला विचारायचं होतं. काही नव्हतं. दगड निर्मळ होता. मी त्याला फिरवलं, पुन्हा फिरवलं, कडेला तिरपा प्रकाश दिला. आणि तिथे, पैलूच्या अगदी काठाशी, जेमतेम चिमूटभर, रेशीम होतं. सुया. तीन दिशांना, ठरल्या कोनात, शांत. असलं रेशीम कोफूची कुठलीही मूस विणत नाही. अमेमियांना ते दिसलं नसणार हे मला लगेच कळलं. ज्याने जन्मभर मुशीच्या चुका शोधल्या त्याला मुशीच्याच चुका दिसतात, आणि त्या नाहीत म्हटल्यावर त्याला दगड कोरा वाटला असणार. मग एकामागून एक सगळं जागेवर बसलं, चिमट्यात दगड फिरत फिरत एकदम नीट धरला जावा तसं: किताझुमेंचा भिंतीवर टेकलेला हात, चालू आहे, हललं, ठीक आहे. माझ्या नीलमातलं रेशीम ज्या क्षणी हललं त्याच क्षणी कोफूत भट्टी बंद पडली होती. धक्का बसला की भट्ट्या आपोआप बंद होतात. आत धरत असलेला स्फटिक एकदम गार होतो, आणि तडकतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. चहासुद्धा सांडला नव्हता आणि माझं माणिक गेलं होतं.

मी डोळा काढला नाही. डोळा भिंगाला लावलेला असला की चेहरा झाकला जातो, हा आमच्या धंद्याचा एकमेव आडफायदा. आतापर्यंत मी नकली खरं म्हणून विकणारे पुष्कळ पाहिले होते. खरं नकली म्हणून खपवणारा हा ओकाचिमाचीच्या इतिहासातला पहिलाच, आणि तो माझ्या नशिबी. कायद्यात या गुन्ह्याला नाव नाही. ज्याला खोट्याच्या जागी खरं मिळालं त्याने तक्रार केल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. कुरोसूसानना सांगितलं तर ते म्हणतील, पेढीवर डल्ला मारून तिजोरीत भर घालून गेला, बोलवा त्याला पुन्हा. आईला सांगितलं तर आईला आनंदच होईल. मला मात्र ते पचेना. कारण माझ्यासमोर त्या पहिल्या दिवशी बसलेला माणूस, इथे चुकलोय म्हणून बोट दाखवणारा, तो या डबीत कुठेही नव्हता. ही डबी इतर सगळ्यांच्या डब्यांसारखी होती: काहीतरी झाकणारी. झाकलेलं सोनं असलं म्हणून काय झालं? आणि बोलायचं नाही हे किती सोपं होतं. डोळा काढायचा, सुंदर आहे म्हणायचं. ते खोटं नव्हतंच. उद्या बोटात घालायचं. जन्मभर लोकांना सांगायचं, यांनी केलं हो. त्यांनी जन्मभर समजायचं की मला कळलं नाही, मला, जिला टोफू कळतो. आणि दर वेळी अंगठी चढवताना माझा खालचा ओठ एका बाजूला, अगदी किंचित, ओढला जाईल, आणि बघणाऱ्याला वाटेल, अंगठी घट्ट बसतेय. मला तो ओठ आतून जाणवला सुद्धा. आईकडून मी नाक घेतलं, बोटं घेतली, धंदा म्हणाल तर तोही तिच्याच गॅसवरून उचलला. पण ओठ घ्यायचा नव्हता. एवढं मला, दिवा डोळ्यांत जात असतानाही, लख्ख ठाऊक होतं.

"काय निघालं?" अमेमियांनी विचारलं. गिऱ्हाईक विचारतं त्याच आवाजात.

मी डोळा काढला.

"तेन्नेन," मी म्हटलं.

त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग वरून खाली उतरत गेला. बाहीवरची चिठ्ठी थरथरली.

"दगड?" ते हळूच म्हणाले.

"दगडही."

ते आपल्या नव्या बुटांकडे बघायला लागले. मग म्हणाले, "तुम्ही सगळ्यांना सांगून बसला होतात. आईंना, ऑफिसला. भट्टी पुन्हा लावायची म्हणजे उन्हाळा उलटणार. जेवणाला रिकाम्या हाताने कसा येणार? आणि मला वाटलं," आवाज आणखी खाली गेला, "माझ्यापेक्षा चांगलंच तर देतोय. यात तुमचं नुकसान काय?"

"नुकसान असं की मी तुम्हाला भिंग लावायला लागले. 'ठीक आहे' वाचलं त्याच दिवसापासून. एरवी मला तुमच्यासमोर सुट्टी असते."

हे त्यांना कळलं. तेन्नेन माणसांना विनोद उशिरा कळतात, बाकीचं लगेच. त्यांनी क्षमा मागितली नाही. कोटाच्या आतल्या खिशात हात घालून त्यांनी खोकल्याच्या गोळ्यांची पत्र्याची डबी काढली आणि टेबलावर ठेवली. ती त्यांनी आज मुद्दाम आणली होती की रोजच जवळ बाळगत होते, ते मी विचारलं नाही. उघडली तर आत कापसावर लाल तुकडे. तडकलेले, कोनेदार, पैलू न पाडलेले, फुटक्या कपासारखे.

"दाखवा," मी म्हटलं आणि खुर्ची सरकवून त्यांना जागा दिली.

त्यांनी चिमटा घेतला.  सगळ्यात मोठा तुकडा मायक्रोस्कोपखाली ठेवून ते भिंगात वाकले, आणि वाकल्या वाकल्या त्यांचा आवाज परत आला, नव्या घरातल्या खोल्या दाखवणारा. "हे बघा, इथून तडा सुरू झाला. इथे भट्टी बंद पडली. त्याच्या आत पडदा आहे, तो माझा. त्या आठवड्यात मी तुमच्या आईंना काय बोलायचं त्याची तालीम करत होतो, तापमानाकडे लक्ष नव्हतं. आणि इथे कोपऱ्यात मुशीचं कातडं."

"सरका," मी म्हटलं. त्रिकोणी तुकडा होता. दिव्याखाली असा चमकत होता की कोणाच्या तरी खिडकीत सकाळ झाली असावी. तड्याच्या अलीकडे, स्फटिकाच्या टोकाशी, तो आणि त्याच्या भोवतीचं थोडंसं लाल, अखंड राहिलं होतं.

"हे टोक कापून घ्या. प्लॅटिनमसकट."

"अहो, तांदळाएवढं होईल. बोटावर दिसणारसुद्धा नाही."

"मला दिसेल. माझ्याकडे मायक्रोस्कोप आहे."

"आणि उद्याच्या जेवणाला?"

"उद्या ही डबी घेऊन या. आईला तुम्हीच दाखवा, कुठे काय चुकलं ते. तिला वास घेऊ द्या हवा तर."

त्यांनी डबी मिटली, पुन्हा उघडून आत सगळं आहे ना ते बघितलं, आणि मिटली. मग त्यांचं लक्ष कापसावरच्या त्या दुसऱ्या माणकाकडे गेलं. ते टेबलाच्या कडेला एकटंच, निर्मळ, अतिशय देखणं पडलं होतं, आणि त्याचा यात काहीच अपराध नव्हता.

"हे?"

"परत करा. एका अंगठीला एक तेन्नेन पुरे, हे आपलं आधीच ठरलंय."

"किताझुमे परत घेतील, पण कारण विचारतील हो," अमेमिया काकुळतीला येऊन म्हणाले. "काय सांगू?"

मी कात्रीने त्यांच्या बाहीवरची चिठ्ठी कापली.

"सांगा, होणाऱ्या बायकोने तपासलं. खरं निघालं."